अंत्ययात्रेतली खोट

मला पहिला संशय आला तो पाठीवरून. चित्राच्या पाठीवरून म्हणतोय.

आम्ही नकला करतो, मी आणि मामा. चित्रांच्या. कुणाला एखादं नावाजलेलं जुनं चित्र हॉटेलात लावायचं असतं, कुणाला दिवाणखान्यात. आम्ही हुबेहूब करून देतो. मामा हे काम त्याच्या वडिलांकडून शिकला. मी थोडं मामाकडून, बाकी मोबाइलवरून. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. म्हणून मामा मला पंडित म्हणतो. "काय पंडित, आज मोबाइलगुरूंनी काय ज्ञान दिलं?" असं.

या वेळचं काम संग्रहालयाचं होतं. तिथलं सगळ्यात मोठं चित्र साफसफाईसाठी वर्षभर बाहेरगावी जाणार होतं. तिकडे तज्ज्ञ बसलेत, ते काजळी आणि पिवळं पडलेलं रोगण काढणार. तोवर भिंत बोडकी दिसू नये म्हणून आमची नक्कल लावायची.

चित्रात एका राजाची अंत्ययात्रा आहे. राजा शेकडो वर्षांपूर्वीचा. बारा खांदेकरी, त्यांच्या खांद्यावर फळी, फळीवर राजा, छातीवर मुकुट. मागे मोकळा घोडा. मग तोंडावर काळं कापड घेतलेल्या बायका, झेंडेवाले, मशालवाले, एक कुत्रा, आणि अगदी शेवटी जाड झग्यातला एक म्हातारा, हातात मेणबत्ती. सगळ्या चित्रात जोराचा वारा आहे. झेंडे, घोड्याची आयाळ, मशालींचा धूर, सगळं उजवीकडे पळतंय. राजा सोडून सगळं हलतंय.

चित्र फ्रेममधून काढून मागच्या खोलीत आमच्या ताब्यात दिलं, तेव्हा मॅडमनी रजिस्टर पुढे केलं. मॅडम म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुख. केसात पेन्सिल खोचलेली, हातात घड्याळ, आणि तरी मला वेळ विचारणार. मी सांगितली की आपल्या घड्याळाशी ताडून बघणार. एवढा त्यांचा माणसांवर विश्वास.

"सही करा. चित्र सुस्थितीत मिळालं. परत जाईपर्यंत जबाबदार कोण, तेही लिहा."

मामाचे हात रंगाने बरबटलेले. म्हणून सही मी केली. जबाबदार: मी.

तेव्हा काही वाटलं नाही. दोन आठवड्यांनी मामाची वही उघडी दिसली तेव्हा वाटलं.

वहीत चित्राची पाठ होती. कापडावर लाल रंगात लिहिलेला ४१७ नंबर, त्यातला सात जरा वाकडा, तसाच्या तसा. गोल शिक्का. दोन कागदी चिठ्ठ्या, एकीचा कोपरा फाटलेला. बुटाच्या आकाराचा पाण्याचा डाग. प्रत्येकाच्या बाजूला मापं, रंग कसा मिसळायचा ते.

"मामा, हे कशाला?"

"काय?"

"पाठ. भिंतीवर टांगल्यावर पाठ कोण बघतं?"

"भिंत बघते," मामा म्हणाला आणि वही मिटली.

मी हसलो. मग संध्याकाळी खोलीवर जाऊन पडलो आणि हसू गेलं. खोटं कशाला बोलू, मामाच्या हाताखाली मी सात वर्षं काढलीत. आम्ही आजवर एकाही चित्राची पाठ रंगवली नाही. पाठ कोण रंगवतं? ज्याला नक्कल असली म्हणून खपवायची आहे तो.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आजोबांनी घालून दिलेली, मामाच्या वडिलांनी. प्रत्येक नकलेत एक खोट ठेवायची. मुद्दाम. बघणाऱ्याच्या लक्षात येऊ नये, पण दाखवली तर नाकारता येऊ नये अशी. मांजराला एकाच बाजूला मिशा. आरशात बाईची अंगठी, बोटात नाही. आजोबा म्हणायचे म्हणे, खोट असलेली नक्कल ती नक्कल, खोट नसलेली ती चोरी. मामाने आजवर एकही चित्र खोट ठेवल्याशिवाय घराबाहेर जाऊ दिलं नाही. मला सापडेपर्यंत सांगत पण नाही. हा आमचा खेळच आहे.

तर मी खोट शोधायला लागलो. मामा चहाला गेला की आमची नक्कल आणि समोरचं चित्र, दोन्ही शेजारी शेजारी. घोड्याचे पाय मोजले. खांदेकऱ्यांची बटणं मोजली. झेंड्यांचे दात मोजले, मुकुटाचे खडे मोजले, कुत्र्याची बोटंसुद्धा. सगळं जुळत होतं. फक्त मेणबत्तीवाल्या म्हाताऱ्याचा कोपरा मामाने अजून कोराच ठेवला होता.

"या वेळी खोट कुठे ठेवलीस रे?"

"ठेवली नाही अजून."

"एवढं झालं तरी?"

"घाई आहे का तुला? राजाला तर नाहीये."

मामाचं असं असतं. विनोद करतो आणि समोरच्याकडे बघत नाही.

मग बारीकसारीक दिसायला लागलं. एकदा संशय आला की सगळंच दिसतं. मामाने कुठून तरी जुने गंजके खिळे आणले. नवे डबाभर पडलेत, तरी. दारावर मिशीवाले असतात, रखवालदार, त्यांना विचारलं, "सोमवारी कोण कोण असतं?" सोमवारी संग्रहालय बंद. मिशीवाले म्हणाले, "मी आणि पाली." मामा जरा जास्तच हसला. आणि मला कामं काढून बाहेर पाठवायला लागला. टर्पेंटाइन आण. चिंध्या आण. टर्पेंटाइन भरलेलं असायचं.

मंगळवारी चिंध्या घेऊन परत येताना मामाचा आवाज बोळात ऐकू आला. मामीशी फोन. मी कपाटाशी थांबलो. आपल्याच मामाचं बोलणं चोरून ऐकताना कान गरम होतात, हे मला माहीत नव्हतं.

"सोमवारीच... हो, फ्रेममध्ये मीच बसवणार आहे ना, कोण बघतंय... त्याला नाही सांगितलं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही... अगं, एकदा बदलून टाकलं की सुटलो."

बदलून टाकलं की सुटलो.

माझी पाचावर धारण बसली. डोक्यात सगळं एका ओळीत बसलं. तज्ज्ञांकडे जायची आमची नक्कल, पाठीसकट. असली जायची मामाच्या घरी. आणि रजिस्टरमध्ये सही कुणाची? माझी. मामाला हे माहीत नव्हतं का? त्याने त्या दिवशी हात मुद्दाम बरबटवले होते का? हेही मनात आलं. ज्या माणसाने मला नवव्या वर्षापासून सांभाळलं, माझ्या शाळेच्या बुटांना स्वतः पॉलिश केलं, त्याच्याबद्दल मी हे मनात आणलं. लिहितोय कारण आणलं.

मामाला सरळ विचारायला हवं होतं. नाही विचारलं. भीती वाटली, तो नाही म्हणेल याची नाही, हो म्हणेल याची.

त्याऐवजी मी काय केलं, तर बुधवारी मामा हात धुवायला गेला तेव्हा संग्रहालयाच्या चित्राच्या मागे वाकलो. कापड ज्या लाकडी चौकटीवर ताणलेलं असतं, तिच्या आतल्या अंगाला, खालच्या डाव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने तीन ठिपके काढले. मोहरीएवढे. आणि मॅडमना मेसेज केला.

"मॅडम, चित्राच्या चौकटीला आतून तीन ठिपके आहेत. खाली डावीकडे. पाठवायच्या आधी बघून घ्या."

लगेच उत्तर. "कोणी काढले?"

"मी."

"का?"

"पद्धत असते. व्हिडिओत बघितलं."

"कुणावर संशय आहे?"

मी 'नाही' टाइप केलं. पुसलं. परत 'नाही' टाइप केलं आणि पाठवलं. मॅडमना ते टाइप करणं-पुसणं दिसलं असणारच.

"सोमवारी टॉर्च घेऊन येते," त्यांनी लिहिलं.

शुक्रवारी मामाने कोरा कोपरा भरला. झगा, दाढी, बोटं, मेणबत्ती, ज्योत. मी मागे उभा. मामा ब्रश ठेवून डोळे चोळत बाहेर गेला आणि मी दोन्ही चित्रं ताडली.

ज्योत वेगळी होती!

संग्रहालयाच्या चित्रात मेणबत्तीची ज्योत डावीकडे झुकलेली. आमच्या नकलेत उजवीकडे.

मला इतकं हलकं वाटलं, की मी त्या चिंध्यांच्या ढिगावर बसूनच घेतलं. सापडली खोट. मामाने खोट ठेवली. म्हणजे चोरी नाही. मी मूर्ख, मी गाढव, मामा देवमाणूस.

दोन मिनिटं. मग परत वर बघितलं.

वारा. वारा तर उजवीकडे वाहतोय. झेंडे उजवीकडे, धूर उजवीकडे. मग ज्योत उजवीकडे हे बरोबर आहे. डावीकडे हेच चूक. मामाने खोट ठेवली नव्हती, असलेली दुरुस्त केली होती. खोट म्हणून कुणी चूक दुरुस्त करतं का?

आणि आमच्या नकलेतली ज्योत मामाने समोर बघून काढली नसेल, तर कुठे बघून काढली?

कुठेतरी पाणी मुरत होतं. आणि कुठे, ते मला एकदम आठवलं. मामाच्या घरी, आतल्या खोलीत, कपाटामागे एक मोठं चित्र भिंतीकडे तोंड करून उभं आहे. लहानपणापासून बघतोय. म्हणजे त्याची पाठ बघतोय. 'आजोबांची नक्कल' म्हणतात त्याला. पूर्वी एकदा ही अंत्ययात्रा दुरुस्तीला गेली होती, तेव्हा आजोबांनी करून दिलेली. मामी त्याच्या मागे झाडू ठेवते.

शनिवारी मामा संग्रहालयात असताना मी घरी गेलो. मामी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी कपाट पुढे ओढलं, चित्र फिरवलं, तोंडावरची चादर काढली.

ज्योत उजवीकडे.

पाठ बघितली. लाल रंगात ४१७. वाकडा सात. बुटाचा डाग. रंगाला अजून वास येत होता.

"झाडू हवाय का?" मामी दारात उभी होती. हातात रिकामी बादली.

"मामी, हे काय आहे?"

"तुला काय वाटतं?"

मी खाली बसलो आणि बोटांवर मोजल्यासारखं बोलत गेलो. "खोट नकलेत असते. उलटी ज्योत ही खोट. उलटी ज्योत संग्रहालयातल्या चित्रात आहे. म्हणजे संग्रहालयात आजोबांची नक्कल आहे. म्हणजे हे..."

"म्हणजे हे असली," मामी म्हणाली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. पंचवीस वर्षं त्या राजाच्या डोक्यावर मी झाडू टेकवलाय. मला काय माहीत!"

तिने बादली उलटी करून तिच्यावर बसून सांगितलं ते असं. त्या वेळी चित्र तीन-चार वर्षांनी दुरुस्त होऊन आलं, तेव्हा ते आणि आजोबांची नक्कल, दोन्ही एका खोलीत, फ्रेमशिवाय ठेवलेली. दुरुस्तीत असलीला मागून नवं कापड लावलेलं, त्यामुळे दोन्हींच्या पाठी कोऱ्या, नंबर नाही काही नाही. पुढून तर आजोबांचा हात असा, की तिथल्या लोकांना फरक कळेना. मग त्यांनी आजोबांनाच विचारलं, तुमचं कुठलं? आजोबांनी बोट दाखवलं. ते ज्याला 'माझं' म्हणाले ते त्यांना देऊन टाकलं. दुसऱ्यावर नंबर घातला आणि ते भिंतीवर गेलं.

"आणि बोट चुकीचं दाखवलं?"

"मामंजींचे डोळे गेले होते रे तेव्हा. चहा कपाबाहेर ओतायचे. पण कुणाला सांगायचे नाहीत. नकला करणाऱ्याचे डोळे गेले म्हटल्यावर काम कोण देणार? खोट शोधायची तर ज्योत दिसायला हवी ना. नाही दिसली. अंदाजाने दाखवलं असेल."

"असेल?"

मामीने चादर परत चित्रावर ओढली.

"की मुद्दाम, मामी?"

"हे तुझ्या मामाला विचारू नकोस," ती इतक्या हळू म्हणाली, की मीच घाबरलो. "कामाच्या पहिल्या दिवशी त्याने ती ज्योत पहिल्यांदाच जवळून बघितली, भिंतीवर उंचावर काजळीत कधी दिसली नव्हती, आणि घरी येऊन जेवला नाही. त्यांनी त्याला नक्कल करतानाच सांगितलं होतं, अंत्ययात्रेच्या नकलेत मी वारा उलटा केलाय म्हणून. महिनाभर तो स्वतःला हेच विचारतोय. बाप आंधळा होता की चोर? आता ते चित्र तज्ज्ञांकडे गेलं की ते पहिल्या तासात सांगतील, ही नक्कल आहे. मग संग्रहालयवाले विचारतील, असली कुठे? आणि असली निघणार आमच्या कपाटामागे. आंधळा होता हे मग कोण ऐकून घेतंय? म्हणून तो सोमवारी गुपचूप असली फ्रेममध्ये बसवणार, नक्कल घरी आणणार. कुणाचं काही गेलं नाही, कुणाला काही कळलं नाही."

म्हणजे अदलाबदल होणार होती ही माझी शंका खरी. फक्त दिशा उलटी. मामा चोरी करत नव्हता, परत करत होता.

आणि मग मला ते तीन ठिपके आठवले.

ठिपके कुठे होते? संग्रहालयातल्या चित्राच्या चौकटीवर. नकलेच्या. सोमवारी मॅडम टॉर्च घेऊन फ्रेममधल्या चित्रावर ठिपके शोधणार, ठिपके नसणार. मामा ज्या दिवशी असली परत करणार त्याच दिवशी चोर म्हणून पकडला जाणार, आणि पकडून देणारा मी.

रविवारभर मी कुणाला काही बोललो नाही. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात, त्याच्या तोंडात तिळाचं अख्खं पोतं भिजत पडलं होतं. मामाला सांगायचं तर आधी हे सांगावं लागणार की मी तुला चोर समजलो. ते काही जमेना. मी ठरवलं, सोमवारी लवकर जायचं, असलीच्या चौकटीवर तसेच तीन ठिपके काढायचे. दहा सेकंदांचं काम. मी नकला करणारा माणूस. तीन ठिपक्यांची नक्कल मला जड आहे?

सोमवारी पोचलो तर मामा माझ्याही आधी आलेला. असली चादरीत गुंडाळून टेम्पोतून आणलेली, 'आमची नक्कल घरी सुकवत होतो' असं सांगून. आत उचलून आणायला मिशीवाल्यांनीच हात लावला होता. आजोबांची नक्कल दुसऱ्या चादरीत भिंतीला टेकलेली, आमची नवी पडद्याआड. असली फ्रेममध्ये, टेबलावर पालथी.

"बरं झालं आलास," मामा म्हणाला. घामाघूम. "हा कोपरा धर."

"स्क्रू कुठायत?"

"बाहेर पिशवीत राहिले वाटतं. थांब, आणतो."

मामा गेला. मी पेन्सिल काढली, वाकलो. आतलं अंग, खाली, डावीकडे. पहिला ठिपका. घाईत जरा मोठा झाला. मोहरी नाही, मिरी. दुसऱ्यासाठी टोक टेकवलं.

"चालू द्या," मागून आवाज आला.

मॅडम. टॉर्च हातात, अजून लावलेली नाही. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक.

त्यांनी टॉर्च लावली आणि माझ्या बोटांवर धरली. "तीन म्हणाला होतास. एकच दिसतोय. आणि पेन्सिल तुझ्या हातात."

तेवढ्यात मामा स्क्रू घेऊन आत आला. त्याने मॅडमना बघितलं, टॉर्च बघितली, मला बघितलं. काही न विचारता स्क्रू खिशात टाकले.

"कसले तीन?" तो म्हणाला.

आता गप्प राहिलो असतो तर मामा अडकला असता. खोटं बोललो असतो तर मी. मी खरं बोललो. आधी मामाशी. "मामा, मला वाटलं तू चित्र चोरतोयस. म्हणून खूण केली आणि मॅडमना सांगितलं. ती खूण आता चादरीतल्या चित्रावर आहे." मग मॅडमशी. ज्योत, खोट, कपाट, झाडू, सगळं. मध्ये एकदा मामा म्हणाला, "पंडित, पुरे." मी थांबलो नाही.

मॅडमनी दोन्ही चित्रं उभी करायला लावली. शेजारी शेजारी. टॉर्च एका ज्योतीवर, मग दुसऱ्या ज्योतीवर. मग परत पहिल्या. मामा खोक्यावर बसला होता, हात मांड्यांत धरून, शाळेतल्या मुलासारखा.

"एकोणीस वर्षं मी या चित्राखालून जाते," मॅडम म्हणाल्या. "लोकांना माहिती सांगते. वाऱ्याबद्दलसुद्धा सांगते."

"माझ्या वडिलांचे डोळे गेले होते," मामा म्हणाला. "चोर नव्हते ते."

"तुम्हाला खात्री आहे?"

मामाने मान खाली घातली. मला वाटलं हाच क्षण. मी म्हटलं, "मॅडम, चोरायचंच असतं तर भिंतीवर राहणाऱ्या चित्रात खोट कशाला ठेवली असती? चोर दारावर आपलं नाव लिहून जातो का?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच घड्याळाशी न ताडता बघितल्यासारखं. "हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मामाने मान वर केली. "पण खोट आधी ठेवली, आणि नंतर मोह झाला असेल तर? इथल्या अजून किती चित्रांच्या नकला केल्या होत्या त्यांनी?"

"तीन," मामा म्हणाला.

"चला."

रिकामं संग्रहालय मी पहिल्यांदाच बघितलं. आमच्या बुटांचे आवाज, मिशीवाले किल्ल्या घेऊन पुढे. मी समजून होतो आणि मामाही. एकात चूक म्हणजे आंधळा. दोनात चूक म्हणजे चोर.

पहिलं, बंदराचं चित्र. "नकलेत त्यांनी एका होडीला पाण्यातल्या प्रतिबिंबात एक वल्हं जास्त दिलं होतं," मामा म्हणाला. मॅडमनी टॉर्च धरली, मी मोजलं. वर चार, खाली चार. असली.

दुसरं, न्यायाधीशाचं. नकलेत चष्म्याला एकच काडी. इथे दोन होत्या. असली. मामाने रुमाल काढून मान पुसली.

तिसरं छोटं होतं. खिडकीपाशी सुईत दोरा ओवणारी मुलगी.

"याची खोट?" मॅडमनी विचारलं.

मामा चित्रासमोर उभा राहिला. "याची त्यांनी कधी सांगितली नाही," तो म्हणाला.

मामा नाक लावण्याइतका जवळ गेला, मग मागे आला, डोळे चोळले. परत जवळ. तेव्हा मला कळलं, की शुक्रवारी तो डोळे का चोळत होता. गेले काही महिने तो मला बारीक काम का देतोय तेही.

"तू बघ," तो मला म्हणाला. "तुझे डोळे चांगले आहेत."

मी बघितलं. खिडकीच्या काचा, सावली कुठे पडते, बोटं, नखं, सुईचं नेढं, दोऱ्याचा पीळ. मॅडमची टॉर्च माझ्या खांद्यावरून. मामाचा श्वास कानाशी. मी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं.

"खोट नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की, मामा."

मॅडमनी केसातली पेन्सिल काढून वहीत काहीतरी लिहिलं. बंदरापुढे बरोबरची खूण, न्यायाधीशापुढे बरोबरची खूण. मुलीपुढे काय लिहिलं ते त्यांनी हाताने झाकलं.

मामा बाहेर पायरीवर जाऊन बसला आणि रडला. मिशीवाल्यांनी त्याला पाणी आणून दिलं. मी बाजूला उभा राहिलो. जवळ जायचा हक्क आहे की नाही ते कळेना. शेवटी तोच म्हणाला, "मला चोर समजलास?"

"हो."

"किती दिवस?"

"बारा-तेरा."

"मी बापाला महिनाभर समजलो," मामा म्हणाला. "ये, बस तू पण."

असली तज्ज्ञांकडे गेली, मॅडमच्या पत्रासकट. पत्रात सगळं आहे, माझा एक ठिपकासुद्धा. चौकशी व्हायची ती होईल, मॅडम म्हणाल्या, पण परत आणून दिलेल्या चित्राची चौकशी कशी करतात हे वरच्या कुणालाच माहीत नाहीये. भिंतीवर आजोबांचीच नक्कल परत लागली. या वेळी खाली पाटी आहे, आणि पाटीवर त्यांचं नाव. लोक थांबून ज्योत शोधतात.

आमची नवी नक्कल आता कुणालाच नको होती. मामाने ती घरी आणून कपाटामागे ठेवली. झाडूला जागा हवीच ना, मामी म्हणाली.

सुईवाल्या मुलीकडे मी अधूनमधून जातो. तिकीट काढून. अजून काही सापडलं नाही. मॅडम एकदा तिच्यासमोर उभ्या दिसल्या, मला बघून पुढे गेल्या.

परवा मामीला झाडू काढून देताना आमची नक्कल फिरवून बघितली. म्हटलं, मामाने शेवटी खोट ठेवली की नाही? पाय मोजले नाहीत, बटणं मोजली नाहीत. नुसतं बघितलं. बारा खांदेकरी. असलीत बाराही खाली बघत चालतात. इथे अकरा खाली बघतायत. सातवा, ज्याचे कान जरा मोठे आहेत, तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून पुढच्या म्हाताऱ्या खांदेकऱ्याकडे बघतोय. शेजाऱ्यावर संशय येऊन आपल्या खिशाला हात लावून बघावा तसा.

"मामा, हा कोण?" मी बाहेरच्या खोलीत ओरडून विचारलं.

"सापडला का?" मामा तिथूनच हसला. "आरशात बघ."